वशिंड नसलेला घोडा

वणीत मला खोली भाड्यानं मिळाली ती अंगणात चालून दाखवल्यावर. माझं शिक्षण, नोकरी, पगार यांतलं काहीही घरमालकांनी विचारलं नाही. ओसरीवर सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, "सर, जरा त्या तुळशीपर्यंत जाऊन या बरं." मला वाटलं, तिकडे पाण्याची टाकी असेल, ती दाखवायची असेल. मी गेलो, आलो. "आता जरा जोरात." मी जोरात गेलो, आलो. आतून काकू ओरडल्या, "अहो, मास्तर हाय तो, खोंड नाही!" पण तोवर निकाल लागला होता. "चाल सरळ हाय. उजवा पाय जरासा ओढता तुम्ही, पण वळण लागंन," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मी तिथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवायला आलो होतो. मुलाखत तिथंही झाली होती, पण माझ्याकडे इतकं निरखून तिथं कोणी पाहिलं नव्हतं.

सगळा मोहल्ला त्यांना काकाजी म्हणायचा, मीही म्हणू लागलो. एके काळी त्यांची गावाबाहेर शेती होती. ती कोळशाच्या खाणीत गेली आणि बदल्यात काकाजींना खाणीत नोकरी लागली. नोकरीवर बैल नेता येत नाहीत, म्हणून जोडी विकावी लागली. शेत गेल्याचं त्यांनी मला कधी सांगितलं नाही. जोडी गेल्याचं मात्र उठता बसता सांगायचे. खाणीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी लाकूड तासायचा वाकस हाती घेतला आणि लाकडाचे बैल करायला सुरुवात केली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या विदर्भात तान्हा पोळा भरतो, पोरं लाकडाचे नंदी सजवून घरोघर मिरवतात. त्या नंद्यांना तोटा पडू नये एवढी व्यवस्था काकाजींनी एकट्यानं केली होती. ओसरीवर बैल, कपाटावर बैल, फ्रिजवर बैल. माझ्या खोलीत दोन होते, आणि भाडेकरूनं त्यांच्याकडे पाठ करून झोपू नये अशी अट होती.

माणसांकडेही ते त्याच नजरेनं पाहत. नवी सून आली की, "दोनदाती हाय अजून, शिकंन." तहसीलदार बदलून आले की, "जुळला बैल हाय, सारे दात आलेले, आता काही नवीन करत नाही." पण त्यांचा मुख्य सिद्धांत उजव्या-डाव्याचा होता. जोडीतला प्रत्येक बैल एकतर उजवीकडचा असतो किंवा डावीकडचा. उजवीकडचा डावीकडे जुंपला तर तो मान टाकतो, चारा तोंडात घेत नाही. माणसाचंही तसंच. "मी उजवीकडचा," ते सांगत, आणि लग्न झाल्यापासून ते काकूंच्या उजव्या हाताला चालत, उजव्या हाताला बसत, उजव्या हाताला जेवत. एकदा ऑटोवाल्यानं काकूंना आधी बसवून उजवीकडे सरकवलं, तर काकाजी ऑटोत बसलेच नाहीत. आठवडी बाजारातून पिशव्या घेऊन पायी आले. काकूही पायी आल्या, डावीकडून.

बैल गेले तरी पोळा गेला नव्हता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या त्यांच्या खांद्यांना हळद कालवलेलं लोणी लावतात, पळसाच्या पानांनी शेकतात आणि कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." काकाजींकडे बैल नव्हता, स्कूटर होती. तर हँडलच्या दोन्ही बाजूंना ते लोणी-हळद चोळत, पळसाच्या पानांनी शेकत, आणि आरशाजवळ तोंड नेऊन आवतन देत. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य. वर्षभर ती स्कूटर हातात धरली की तळहात पिवळे होत. पहिल्या वर्षी मी हे पाहत उभा होतो, तेव्हा दारातून काकू म्हणाल्या, "सर, देवाले सांगा, पुढल्या जन्मी मले स्कूटर कर म्हना." काकाजी हसले नाहीत. ते शेकत असताना बोलत नसत.

काकू माहेरच्या ढाणकीच्या. बारीक चणीच्या, दिवसभर पायाला भिंगरी. त्यांच्या आयुष्यात एक घोडा राहून गेला होता. सातवीत असताना शाळेच्या संमेलनात राणीची भूमिका त्यांना मिळाली होती, सगळं भाषण पाठ झालं होतं, आणि आयत्या वेळी ती दुसऱ्या मुलीला दिली गेली. कारण तिच्या घरी घोडी होती. काकूंना त्या घोडीचा लगाम धरून उभं केलं. "अन ते पोट्टी मधातच भाषण विसरली," काकू सांगायच्या. "मले सारं येत होतं, पण लगाम धरणाऱ्यानं बोलाचं नसते." ही गोष्ट त्या हसत सांगायच्या, पण सांगताना हातातलं काम थांबायचं.

म्हणून आमच्या मोहल्ल्याच्या दुर्गा मंडळानं त्या वर्षी विसर्जनाच्या मिरवणुकीत राणीचा देखावा करायचा ठरवला, तेव्हा काकू स्वयंपाक टाकून बैठकीत गेल्या आणि म्हणाल्या, "राणी मी होईन." बासष्ट वर्षांची राणी ऐकून पोरं खसखसली. काकूंनी तिथल्या तिथं सातवीतलं भाषण म्हणून दाखवलं. अध्यक्ष होता तो ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचा, व्यवहारी माणूस. तो म्हणाला, "काकू, तुम्हीच राणी. पण घोड्याचं काय?" जिवंत घोडा नको होता. मागच्या वर्षी वरातीचा घोडा आणला होता, तो डीजेला बुजून देवीच्या आधीच नदीवर जाऊन पोचला होता. तेवढ्यात मागून काकाजी म्हणाले, "घोडा मी करतो."

पुढचा महिनाभर अंगणात ताडपत्री बांधून काम चाललं. सागाचा सांगाडा, वर प्लायवूड, त्यावर सुतळी आणि प्लास्टर. आम्हाला आत बघायला बंदी. अखेर ताडपत्री काढली. सगळा मोहल्ला जमला होता. जनावर देखणं होतं, यात वादच नाही. भरदार छाती, गळ्याखाली लोंबती पोळी, फाकलेले खूर आणि खांद्यावर हे एवढं डौलदार वशिंड. लोक एकदा घोड्याकडे, एकदा काकूंकडे बघू लागले. शेवटी अध्यक्षानं विचारलं, "काकाजी, शिंगं कधी बसवता?"

काकाजींनी आपल्या घोड्याकडे पाहिलं. मी त्यांचा चेहरा पाहिला, आणि खरं सांगतो, मला त्यांची दया आली. त्यांनी फसवलं नव्हतं. त्यांना तो घोडाच वाटला होता.

"काही हरकत नाही," अध्यक्ष म्हणाला. "बैल तं झकास झाला. काकू पार्वती होतीन. नंदीवर बसाचं, हात जोडाचे, बोलाचं काही नाही. घटस्थापनेपर्यंत घोडा दिसला तं ठीक, नाहीतं राणी आमच्या वहिनी करतीन, चारचाकीवर उभ्या राहून."

काकू घरात गेल्या. त्या दिवशी वरणाला फोडणी बसली नाही. रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बैलावर बसली तं पार्वती होईन. पार्वती चांगलीच हाय. पण मले बोलाचं होतं."

काकाजींनी घास ताटात ठेवला. "सर, चांगला घोडा कुठं पाहाले भेटंन?"

मी मोबाइल काढला, राणीच्या पुतळ्यांचे फोटो दाखवले. त्यांनी मोबाइल उलटा करून मागची बाजू पाहिली आणि परत दिला. "ज्या जनावराले मांगून फिरून पाह्यलं नाही, ते म्या जिंदगीत इकत घेतलं नाही. हा पुतळा कुठचा?"

"ग्वाल्हेरचा."

"जाऊ."

तिकिटं मिळाली ती नेमकी पोळ्याच्या दिवसांतली. काकाजी आधी नाहीच म्हणाले, पोळ्याला घर सोडायचं म्हणजे काय? मग दिवसभर अंगणातल्या त्या वशिंडवाल्या घोड्याभोवती फिरले आणि संध्याकाळी स्कूटरजवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी बोलून आले. माफी मागितली असावी. चंद्रपूरला जाऊन आम्ही तिघांनी गाडी पकडली. माझ्याकडे काम एकच होतं, मोजपट्टीचं दुसरं टोक धरायचं. गाडीत खिडकीजवळची जागा डावीकडे की उजवीकडे यावर दोन डबे बदलले, तो तपशील सोडतो.

ग्वाल्हेरला पोचलो, धर्मशाळेत पिशव्या टाकल्या आणि थेट पुतळ्यावर गेलो. बागेत उंच चौथरा, वर पुढचे पाय उचललेला घोडा, पाठीवर राणी, उजवा हात तलवारीसकट आभाळात. लोक समोर उभे राहून फोटो काढत होते. काकाजी समोर थांबलेच नाहीत. ते सरळ मागे गेले. मागून डावीकडून आले, उजवीकडून आले, मग गवतावर उताणे झोपून घोड्याचं पोट बघू लागले. एका गाइडनं आम्हाला गाठून सांगायला सुरुवात केली की घोड्याचे पुढचे दोन्ही पाय वर असले की त्याचा अमुक अर्थ होतो. काकाजी पडल्या पडल्याच म्हणाले, "भैय्या, हमारा एक बैल भी पाय उपर करता था. उसका अर्थ, भूक लगी है." गाइड निघून गेला.

चौथऱ्यावर चढायला मनाई होती, त्यामुळे मोजपट्टी फुकट गेली. पण बराच वेळ पाहून झाल्यावर काकाजी उठून बसले, अंगाला चिकटलेलं गवत तसंच. "सर, वशिंड नाही."

"काकाजी, घोड्याला वशिंड नसतंच."

"नसते, हे मले माहीत हाय. माह्या हाताले माहीत नव्हतं." ते आपल्या तळहातांकडे पाहत राहिले. "हात जाते तिथं वशिंड येते. अन वशिंडच नाही तं मंग जू कुठं टेकवतात?"

"जू नसतं. वर माणूस बसतो. सगळा भार पाठीवर."

"अन संगं दुसरा?"

"दुसरा नसतो. एकटाच."

हे मात्र त्यांना अगदीच नवीन होतं. जोडीशिवाय जनावर असतं, ते उजवीकडचंही नसतं आणि डावीकडचंही नसतं, हा विचार पचवायला त्यांनी सुपारी काढली.

इकडे काकू पुतळ्याच्या समोर मान वर करून उभ्या होत्या. त्यांनी छत्री घेतलेला उजवा हात हळूहळू वर नेला, राणीसारखा. तसाच ठेवला. कॉलेजच्या दोन पोरींनी त्यांचा फोटो काढला. मग हात खाली घेऊन खांदा चोळत त्या मला म्हणाल्या, "सर, ही बाई कवापासून हात वर करून हाय?"

"काकू, पुतळा आहे तो. कायमचाच."

"खांदा भरून येत असंन बाईचा. कोणी पाहाले नाही."

काकाजींनी ते ऐकलं की नाही, देव जाणे. ते तेव्हा घोड्याच्या शेपटीखाली होते.

ऊन उतरलं तसे काकाजी अस्वस्थ झाले. उठत, बसत, पश्चिमेकडे बघत. मला कळेना. काकू म्हणाल्या, "आज खांदशेकणी हाय ना. बैल नाही, स्कूटर नाही, हात शिवशिवून राह्यले त्याहिचे." काकाजींनी सगळीकडे नजर टाकली. बागेत जनावर एकच होतं. त्यांनी टोपी नीट केली, चौथऱ्याजवळ गेले, हात जोडले, आणि बांधावरून हाक मारावी तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

पहारेकरी धावत आला. "क्या चल रहा है? किसको बोल रहे हो?"

मी इतिहासाचा मास्तर. मी म्हणालो, "घोड़े को खाने पे बुला रहे हैं."

त्यानं काकाजींना पाहिलं, घोड्याला पाहिलं. रोज हजार तऱ्हेची माणसं पाहणारा माणूस होता तो. त्यानं विचारलं, "कब?"

"कल."

दुसऱ्या दिवशी किल्ला बघायचा असं ठरलं होतं. ग्वाल्हेरचा किल्ला मी आजतागायत पाहिलेला नाही. आवतन देऊन जेवू न घालणं म्हणजे घोर पाप, त्यामुळे त्या दिवशी आम्ही डाळ आणली, गूळ आणला, धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात एक शेगडी मिळवली. काकूंनी पुरण शिजवलं, पुरणयंत्र नव्हतं म्हणून चहाच्या गाळणीतून मी ते घासलं. काकाजी दारात बसून घाई करत होते, पाव्हणा उपाशी हाय म्हणून. दुपारी आम्ही केळीच्या पानात पोळ्या घेऊन पुतळ्यावर गेलो. पहारेकऱ्यानं हात आडवा केला, चौथऱ्यावर खाण्याचं काही ठेवता येणार नाही. काकाजींनी क्षणभर विचार केला. पोळ्याला बैलांइतकाच मान गुराख्याचा असतो, जनावर जो राखतो त्याला पहिलं ताट. "तुम ही इसको राखता है ना?" "हाँ, ड्यूटी है." "तो तुम बैठो." त्याला गवतावर बसवून काकाजींनी कुंकू लावलं, काकूंनी पोळीवर तूप वाढलं. तो सगळ्या पोळ्या खाऊन ढेकर देऊन म्हणाला, "माताजी, अगले साल भी आना." काकू उभ्या राहून वाढत होत्या. त्यांच्यासाठी पोळी उरली नाही, हे गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

परत आल्यावर काकाजींनी करवत घेतली आणि वशिंड कापलं. कापताना डोळे मिटले होते, त्यामुळे कापणी तिरकी झाली. गळ्याची पोळी काढली, खूर बुजवले, कंबर बारीक केली, पुढचे पाय उचलून दिले. कापलेलं वशिंड फेकवेना, म्हणून त्याला खालून सपाट करून त्यांनी बसायचं बुटकं स्टूल केलं. घटस्थापनेच्या दिवशी अध्यक्ष आला, घोड्याभोवती फिरला आणि म्हणाला, "घोडा हाय बाप्पा! फक्त चेहरा जरा गरीब वाटते." खरंच, डोळे बैलाचेच राहिले होते, काजळ घातल्यासारखे, मोठे, शांत. काकाजी म्हणाले, "घोडा हाय, गुंड नाही." पास झाला.

मिरवणुकीच्या दिवशी काकू नऊवारी कासोटा, डोक्याला फेटा, हातात तलवार घेऊन अंगणात आल्या. वशिंडाच्या स्टुलावर पाय ठेवून ट्रॉलीतल्या घोड्यावर चढल्या. ट्रॅक्टर हलला. काकाजी ट्रॉलीच्या उजव्या बाजूनं चालत होते, एक हात घोड्याच्या मांडीवर ठेवून, काकूंकडे न पाहता फक्त सांधे बघत. काकूंनी निघताना हात वर केला तो खालीच घेतला नाही. मी दोनदा ओरडून सांगितलं, काकू, जरा आराम करा. त्यांनी ऐकलं नाही. चौकात गर्दी मावत नव्हती. काकूंनी भाषण सुरू केलं आणि मागच्या मंडळाचा डीजे दणाणला. एक शब्द ऐकू येईना. मला वाटलं, गेलं. पन्नास वर्षांनी पुन्हा तेच.

काकूंनी घोड्यावर बसल्या बसल्या तलवार डीजेच्या गाडीकडे रोखली आणि तशाच थांबल्या. डीजेवाला पोरगा आधी हसला, मग इकडे तिकडे बघू लागला, आणि मग त्यानं आवाज बंद केला. ढाणकीच्या शाळेत अडलेलं भाषण वणीच्या चौकात पूर्ण झालं, एका शब्दाचीही चूक न होता. बायांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारे काकाजींना म्हणाले, "काय घोडा केला काकाजी!" काकाजींनी त्या दिवशी पहिल्यांदा घोड्यावरून नजर उचलून वर पाहिलं. हात परत वरच होता, दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला खाली गेलो. काकूंना उजवा हात उचलता येत नव्हता, चहाचं पातेलंही उतरवता येत नव्हतं. त्या पाटावर बसल्या होत्या. मागे, वशिंडाच्या स्टुलावर काकाजी. समोर वाटीत लोणी-हळद, तव्यावर पळसाची पानं. ते काकूंचा खांदा शेकत होते, एकही शब्द न बोलता, स्कूटरला शेकत तसंच, पण हात फार हळू. मी उंबऱ्यावरच थांबलो. काकू लाजून म्हणाल्या, "अहो, सर आले, पुरे." त्यांनी पुरे केलं नाही. शेवटचं पान बाजूला ठेवून काकाजी वाकले आणि काकूंच्या कानाशी म्हणाले, "आज आवतन घ्या. उद्या जेवाले या."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी चहा न घेताच खोलीकडे वळलो.

काकाजींनी जन्मात गॅस पेटवला नव्हता, पण आवतन म्हणजे आवतन. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुरण केलं, मी पुन्हा गाळणी धरली. पोळ्या जाड झाल्या, दोन फुटल्या, एक चंद्रपूरच्या नकाशासारखी. तीन ताटं मांडली. काकाजी सवयीनं उजवीकडच्या पाटावर बसले. काकू आल्या, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उठा. पाव्हणी मी हाय. उजवीकडं मी बसते."

काकाजींनी पाटाकडे पाहिलं, मग हळद लागलेल्या खांद्याकडे पाहिलं, आणि डावीकडे सरकले.

उजवीकडचा बैल डावीकडे जुंपला तर चारा तोंडात घेत नाही, असं त्यांनी मला किती वेळा सांगितलं होतं. त्या दिवशी ते पोटभर जेवले, आणि फुटलेल्या दोन्ही पोळ्या त्यांनीच खाल्ल्या.